काकीच्या आजारपणानंतर हॉटेल सोडून नर्स व्हावंसं वाटतंय

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडं आवरून):

ताई, मी २६ वर्षांचा, पेडणे तालुक्यातला. बी.कॉम. झाल्यापासून कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. आई कुवेतला नोकरीला होती, त्यामुळे मला काकीनेच वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन आणि केमो बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात झाली, पुढे मुंबईला टाटात गेलो. काका कागदपत्रांत कच्चे, म्हणून फाइल, रिपोर्ट, मेडिक्लेम, रेल्वेची तिकिटं सगळं माझ्याकडे होतं. अंघोळ आणि ड्रेसिंग काकीची मुलगी करायची. मला जखम बघवत नसे. टाटात इतक्या रांगा लावल्या की शेवटी बिहारकडची माणसंसुद्धा मला विचारायची, कुठली खिडकी, कुठला मजला. बरं वाटायचं तेव्हा. मग रोग लिव्हरमध्ये गेला. डॉक्टरांनी ते काकांना आणि मला सांगितलं. घरात ठरलं की काकीला सांगायचं नाही. ती विचारायची, 'फुडलें इंजेक्शन केन्ना रे?' मी म्हणायचो, 'रिपोर्ट येवपाचो आसा' (रिपोर्ट यायचाय). चवथीच्या आधी ती गेली. तेव्हापासून काउंटरवर उभं राहून 'वेलकम' म्हणवत नाही. नर्स व्हावं, कर्करोगाच्या पेशंटांसाठी काम करावं असं सारखं वाटतं. बाबा म्हणतात, एवढं मरण बघून पोट भरलं नाही का? पुरुषमाणूस बेडपॅन उचलणार? मी काय करू?

उत्तर:

तुला अरे-तुरे करते, वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईला तेवढी सवय असते. पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातून हरखले. आमच्या कामात येऊ पाहणारा धडधाकट मुलगा म्हटल्यावर कुठल्याही सिस्टरचे डोळे चमकतात, कारण पेशंटला कुशीवर वळवताना कंबर आमचीच मोडते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र पेन्सिल घेऊन बसले आणि दोन वाक्यांखाली रेघ मारली. 'मला जखम बघवत नसे' हे एक. 'बरं वाटायचं तेव्हा' हे दुसरं. दोन्ही तू ओघात लिहून पुढे गेलास. माझं उत्तर त्या दोन वाक्यांतच आहे.

आधी जखमेचं बोलू. कर्करोगाच्या वॉर्डातली नर्स दिवसभर काय करते, ते तू बाकावर बसून बघितलं असशील, पण पडद्याच्या आत काय चालतं ते सांगते. केमोच्या दिवशी औषध चढवण्याआधी दोन नर्सेस मिळून पेशंटचं नाव, फाइल नंबर, औषध आणि डोस पडताळतात. डोस उंची-वजनाच्या हिशेबाने काढलेला असतो, त्यात चूक चालत नाही. चार-पाच वेळा केमो झालेल्या बाईच्या हाताची शीर दोरीसारखी कडक झालेली असते, ती शोधायची. ज्या बाजूची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्या आहेत, तो हात शक्यतो टाळायचा. सुई बसल्यावर रक्त मागे येतंय ना, ते बघायचं. डॉक्सोरुबिसिन नावाचं एक लाल औषध असतं, काकीलाही कदाचित दिलं असेल. ते शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं. म्हणून ते जात असताना नर्स तिथून हलत नाही, 'जळजळतंय का, टोचतंय का' विचारत राहते. पेशंटला घरी सोडताना दर वेळी बजावायचं, की ताप १००.४ च्या वर गेला तर मध्यरात्र असली तरी या, पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात आणि साधा ताप काही तासांत जिवावर उठतो.

हे झालं अंगावर स्वच्छ कपडे राहतील असं काम. बाकीचं असं, की स्तनाची गाठ कधी कधी कातडी फोडून बाहेर येते. त्या जखमेच्या वासाने घरची माणसं दारात थांबतात आणि पेशंटला ते कळतं. आम्ही मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर टाकतो, वास उतरतो. आणि ते करताना चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, कारण ती बाई जखमेकडे बघत नसते, तुझ्या तोंडाकडे बघत असते.

जखम बघवत नाही म्हणून कोणी नर्स होऊ शकत नाही असं नाही. माझ्या बॅचच्या निम्म्या मुली पहिल्या वर्षी भोवळ येऊन बसल्या होत्या आणि पुढे त्यातल्याच उत्तम निघाल्या. नजर मरते असं लोक म्हणतात, मी म्हणेन की नजर शिकते. शिवाय काकी आणि पुतण्या म्हटल्यावर लाज आली, मुलीने ते करणंच बरोबर होतं. पण तू स्वतःला एक विचार. एवढ्या महिन्यांत एकदा तरी वाटलं का, की बहिणीला म्हणावं, 'दाखव मला, कसं बांधतात'? वाटलं असेल तर नर्सिंगचा रस्ता तुझा आहे. वाटलंच नसेल तर त्यात कमीपणा नाही, फक्त ते खरं मान.

नर्सिंगच करायचं ठरलं तर रस्ता सांगून ठेवते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं आणि त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. तू कॉमर्सचा, म्हणजे बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनचं ते दार तुला बंद. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा डिप्लोमा मात्र इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने कुठल्याही शाखेच्या बारावीवर करता येतो, इंग्रजी विषय आणि ४० टक्के लागतात. त्यानंतर नोंदणी, मग हवं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि शेवटी ऑन्कॉलॉजी, म्हणजे कर्करोगाच्या नर्सिंगचं खास प्रशिक्षण. म्हणजे तिशी गाठेपर्यंत तू विद्यार्थी किंवा नवशिका, आणि खासगी नर्सिंग होममधला सुरुवातीचा पगार हॉटेलच्या टिप्स धरून मिळणाऱ्या पैशांपेक्षा कमीच भरेल. सरकारी नोकरी लागली तर गोष्ट वेगळी.

आता दुसरं वाक्य. माझ्या मते तुझं काम तिथे आहे.

परळला पहिल्यांदा उतरलेल्या माणसाची अवस्था तुला मी सांगायला नको. थिवीहून रात्रभर प्रवास करून दादरला उतरायचं, टॅक्सीने टाटाच्या फाटकाशी यायचं, आणि समोर मेन बिल्डिंग, गोल्डन ज्युबिली, होमी भाभा ब्लॉक. फाइल काढायची एका ठिकाणी, पैसे भरायचे दुसऱ्या, बायोप्सीच्या स्लाइड्स द्यायच्या तिसऱ्या. गावच्या इस्पितळाने नुसता रिपोर्ट दिलेला असतो, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागायचा असतो हे कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून पुन्हा फेरी. राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, ही नावं माहीत असलेल्याला माहीत. नसलेला फुटपाथवर चटई पसरतो. या गोंधळात उपचार मध्येच सोडून गावी परतणारे पेशंट असतात. औषध असून, डॉक्टर असून हे होतं, आणि याचं मला नोकरीभर सगळ्यात जास्त वाईट वाटत आलं. रस्ता न सापडल्याने माणूस जावा हे मला पटतच नाही.

टाटा मेमोरियलने यासाठीच 'केवट' नावाचा उपक्रम काढला. पदवीधरांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम, टाटा ट्रस्ट्स आणि टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे टिस यांच्या साथीने. शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली पेशंटला पहिल्या दिवसापासून हाताशी धरतात. तपासणी कुठली, का, कधी, पैशांची सोय कुठून, पुढची तारीख चुकली तर फोन करून विचारणं, हे सगळं त्यांचं काम. तू हेच करत होतास, फुकट आणि न शिकता. शिकून केलंस तर बिहारच्या त्या माणसाला खिडकी दाखवून थांबणार नाहीस. त्याच्या बायकोने तिसरी केमो का चुकवली, हेही तुला विचारता येईल.

दुसरा, जास्त लांबचा पण जास्त भक्कम रस्ता वैद्यकीय समाजकार्याचा. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स पदवी, दोन वर्षांची, कुठल्याही पदवीवर. टिसमध्ये आहे, आणि घराजवळ हवं तर पणजीच्या डॉन बॉस्को कॉलेजात समाजकार्य शिकवतात, तिथे जाऊन चौकशी कर. आपल्याकडे इस्पितळात पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. एवढी वर्षं झाली, तरी लोकांना अजून वाटतं की सोशल वर्कर म्हणजे गरिबांना पैसे मिळवून देणारी बाई. गोव्यात दीनदयाळ या सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड कुणाला, मेडिक्लेम कधी, मुंबईला पाठवताना कुठले कागद, यात अडकलेली सत्तरी-काणकोणची माणसं मी रोज बघितली आहेत. त्यांची बोली बोलणारा, फॉर्म भरताना त्यांना वेंधळं न वाटू देणारा माणूस तिथे बसलेला असणं ही छोटी गोष्ट नाही.

आणि हॉटेलातली वर्षं वाया गेली असं समजू नकोस. खोली तयार नाही म्हणून रात्री दोन वाजता काउंटरवर ओरडणाऱ्या पाहुण्याला तू आवाज न चढवता शांत करतोस. ओ.पी.डी.त सकाळी सातपासून उपाशी बसलेला मुलगा आईसाठी ओरडतो तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणी उलट ओरडतात. तुला जे येतं, ते आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

रेडिएशन मशिन चालवणारे तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असेही बरेच जण या कामात असतात. त्यांच्याबद्दल लिहीत नाही, बहुतेकांना बारावी सायन्स लागते आणि तुझ्या पत्रात त्यांची ओढही दिसली नाही.

आता जे तुला टोचतंय, त्याकडे येते. 'रिपोर्ट येवपाचो आसा.'

पत्रात काकीच्या तोंडचं एकच वाक्य आहे आणि त्याला तू दिलेलं उत्तर. बाकी दोन वर्षं तू सारांशाने लिहिलीस, हे तेवढं शब्दशः. मला असं दिसतं, की नर्स व्हायच्या इच्छेत एक भाग त्या उत्तराची भरपाई करण्याचा आहे. तो भाग ओळखून बाजूला काढ, नाहीतर तोच पुढे घात करील. कसा, ते सांगते. उद्या तू वॉर्डात आहेस. डिचोलीची एक बाई विचारते, पुढचं इंजेक्शन कधी? तिच्या मुलाने बाहेर तुला हात जोडून सांगितलंय, आईला सांगू नका, ती खचेल. तू काकीला सांगू शकला नाहीस म्हणून आता पेटून हिला खरं सांगून टाकशील. आणि कदाचित हिला ते नको असेल. ती तुझी काकी नाही. तिला तेवढंच विचारायचं असेल, की मुलीच्या बाळंतपणापर्यंत मी आहे ना.

शिकलेला माणूस इथे वेगळं वागतो. तो आधी मुलाला विचारतो, आईला कळलं तर काय होईल अशी भीती वाटते? बहुतेकदा मुलालाच बोलता येत नसतं. मग तो बाईजवळ बसतो आणि विचारतो, तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितलंय? सगळं समजून घ्यायला आवडेल की मुलाशी बोलू? ती जेवढं मागेल तेवढं, तिला झेपेल तसं, डॉक्टरांच्या संगतीने. खोटं बोलायचं नाही आणि सत्य अंगावर फेकायचंही नाही. हे शिकवलं जातं, सरावाने येतं. तुला कोणी शिकवलं नव्हतं. पंचविशीतल्या पोराच्या तोंडी घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं उत्तर ठेवलं गेलं, त्याचा हिशेब एकट्याने करू नकोस. काकांशी एकदा बोल. डॉक्टरांनी तुम्हा दोघांनाच सांगितलं होतं, म्हणजे ओझंही दोघांचं आहे, आणि मला शंका आहे की तेही त्याच वाक्याशी अडलेत.

घरच्या माणसाचा कर्करोग बघून मोठं काम उभं राहिल्याचं उदाहरण तू ज्या इमारतीत रांगा लावल्यास तिथलंच आहे. सर दोराबजी टाटांची पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वर्षभराने दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा काढली, तिचीच पुढे टिस झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचं इस्पितळ सुरू झालं. त्या इस्पितळात आज राबणाऱ्या कुणीही मेहरबाईंना पाहिलेलं नाही. केमोची सुई लावणारी केरळची मुलगी त्यांच्यासाठी सुई लावत नाही, समोरच्या हातासाठी लावते. दुःखाने माणूस फाटकापर्यंत येतो हे खरं, पण महिन्याच्या तेविसाव्या नाइट ड्यूटीला ते दुःख कामी येत नाही. तेव्हा काम आवडावं लागतं.

म्हणून आत्ताच राजीनामा देऊ नकोस. जवळचं माणूस गेल्यावर पुष्कळ हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांच्या सेवागृहांत, साधारण वर्षभर थांबूनच स्वयंसेवक म्हणून घेतात. त्यांनी अनुभवाने ठरवलेलं आहे ते. तेवढा वेळ जाऊ दे. मग पावसाळ्यात, तुमचा ऑफ-सीझन असतो तेव्हा, लोटलीच्या शांती अवेदना सदनात जाऊन भेट. मुंबईत १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी देशातलं पहिलं हॉस्पिस काढलं, त्याचीच ही गोव्यातली शाखा. बरे होण्यापलीकडे गेलेले पेशंट तिथे असतात. सुट्टीच्या दिवशी काही मदत करू का, असं सरळ विचार. काय सांगतील ते कर, पेज भरवायला सांगितली तर पेज भरव, फरशी पुसायला सांगितली तर पूस. त्यांनी जखमेजवळ उभं राहायला सांगितलं, तर तेही. तिथून परत येताना बसमध्ये तुला आपोआप समजेल, की तू पडद्याच्या आतला आहेस की बाहेरचा.

वेदना आटोक्यात आणून माणसाला नीट जगू देण्याच्या या कामाला माणसांची किती गरज आहे, त्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आकड्यावरून येईल. जगात ज्यांना ही सेवा लागते त्यांच्यातल्या साधारण १४ टक्क्यांनाच ती मिळते. आपल्याकडे मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला, पण कायद्याने गोळी पेशंटच्या तोंडापर्यंत पोचत नाही, मध्ये माणूस लागतो.

बाबांबद्दल एवढंच. 'पुरुषमाणूस बेडपॅन उचलणार?' याला उत्तर देत बसू नकोस. पुरुष वॉर्डात लघवीची नळी घालायची वेळ आली की म्हातारे बाबे कसे 'भाऊ आहे का कोणी?' म्हणून मागे लागतात, ते मला ठाऊक आहे. पण बाबांचा मुद्दा बेडपॅनचा नाहीच. घरात एक मरण झालंय आणि मुलाने त्याच वाटेला लागू नये असं त्यांना वाटतंय. त्यांना कोर्सचं नाव, फी आणि शेवटी नोकरी कुठे लागते, हे कागदावर लिहून दाखव. भावनेचं बोललास तर ते काकीवर येऊन थांबतील आणि दोघंही रडाल. तेही करा, पण वेगळ्या दिवशी.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. काकीची मुलगी. जखम तिने बघितली, अंघोळ तिने घातली, आणि तुझ्या पत्रात तिच्या वाट्याला एक ओळ आली. ती कशी आहे, हे तिला कुणी विचारलं का? शिवाय काकीशी तुझं रक्ताचं नातं नाही, तिचं आहे. आईला स्तनाचा कर्करोग झालेल्या मुलीने स्वतःच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी लवकर बोलायचं असतं. डॉक्टर विचारतील की आईला कितव्या वर्षी निदान झालं, आजोळी अजून कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होता का. कुठली तपासणी कधीपासून करायची हे त्यावरून ठरतं, आणि गरज वाटली तर जनुकीय तपासणीही सुचवतील. काकीचा बायोप्सीचा रिपोर्ट सोबत न्या. २०२१ पासून गोवा सरकारचा 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' हा स्तनतपासणीचा उपक्रम आहे, क्रिकेटपटू युवराज सिंगच्या यूवीकॅन संस्थेच्या सहकार्याने सुरू झालेला. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. ती 'मागीर बघू' म्हणेल. तुझ्या वीकली ऑफला तिला घेऊन जा आणि तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नका.